जुनं ब्रिटिश इंजिन बांधून आणलंय? पहिले दीड हजार किलोमीटर असे काढा

इंजिन बांधून गाडी ताब्यात देताना मिस्त्री बहुतेक वेळा एकच सूचना करतो: "साहेब, दोन हजार होईपर्यंत चाळीसच्या वर नेऊ नका." सूचना प्रेमाची असते, पण अर्धीच असते. एकाच थ्रॉटलवर चाळीसनं जालन्यापर्यंत रखडत नेलेलं इंजिन आणि पहिल्याच दिवशी ऐंशीनं पळवलेलं इंजिन, दोन्ही बऱ्याचदा त्याच बोरिंगच्या दुकानात परत येतात. पहिलं तेल प्यायला लागतं म्हणून आणि दुसरं जाम झालं म्हणून.

हे सगळं मी बीएसए एम२० ही जुनी ब्रिटिश मोटारसायकल समोर ठेवून लिहितोय, कारण माझ्याकडे तीच आहे. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व (म्हणजे व्हॉल्व हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या बाजूला), बिडाचा सिलिंडर, दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी लाखाच्या वर बनलेली गाडी. नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३एल किंवा बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट असेल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतात. फरक आहे तिथे तसं सांगितलंय.

आधी एवढं समजून घ्या. होनिंग केलेल्या, म्हणजे आतून दगडानं घासून घेतलेल्या सिलिंडरच्या आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. पिस्टनवरची नवी रिंग त्या रेघांवर घासून स्वतःचा आकार बसवते. तिला भिंतीवर दाबतो तो पेटलेला गॅस, आणि तो दाब येतो इंजिनावर जोर पडला तरच. जोरच दिला नाही तर रेघांच्या कडा नुसत्या गुळगुळीत होतात, वर जळक्या तेलाचा थर बसतो आणि रिंग कायमची अर्धवट राहते. सलग जोर दिला तर घर्षणानं पिस्टन तापतो. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं आणि पिस्टन अडकतो. म्हणून थोडा जोर, मग उसंत, परत थोडा जोर. रिंग बसण्याचं मोठं काम पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्येच उरकतं. पुढचे किलोमीटर बेअरिंग, व्हॉल्व गाइड, चेन आणि पॅकिंग यांच्यासाठी.

१. गाडी उचलण्याआधी मिस्त्रीकडून लिहून घ्या

तोंडी नको, कागदावर घ्या.

पिस्टन आणि सिलिंडरमधला गाळा, म्हणजे मोकळी जागा, किती थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ठेवला, हा पहिला प्रश्न. संभाजीनगरजवळ वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत बोरिंग-होनिंगची उत्तम कामं होतात, पण तिथल्या कारागिरांच्या हाताला आजच्या गाड्यांचा हिशेब बसलेला असतो. तोच हिशेब एम२०ला लावला तर पिस्टन पहिल्याच उन्हात अडकेल. बिडाच्या सिलिंडरात जुन्या पद्धतीच्या पिस्टनला साधारण चार-पाच थाऊ लागतात. अंतिम आकडा पिस्टनच्या डब्यातल्या चिठ्ठीवरचा. दुसरा प्रश्न रिंगच्या टोकांमधल्या फटीचा. तिसरा, ऑईलची टाकी आणि पाइप आतून धुतले का. हा प्रश्न फार कमी जण विचारतात. सत्तर वर्षांचा गाळ टाकीच्या तळाशी असतो, आणि नवं तेल तो सोडवून थेट नव्या बिग एंडपर्यंत (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगपर्यंत) नेतं.

चौथी गोष्ट कागदाची. क्रँककेस साफ करताना इंजिन नंबर घासला गेलेला नाही ना, हे डोळ्यांनी पाहा, फोटो काढा आणि आरसीशी ताडा.

२. सामान जमवा

- एसएई ४० किंवा ५० मिनरल ऑईल, किमान चार वेळा बदलण्याइतकं. एका वेळेला अडीच-तीन लिटर धरा.
- व्हिटवर्थ मापाचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे पाने. मिलिमीटरचा पाना "जवळजवळ" बसतो आणि नटाचे कोपरे खातो. तोंड कमी-जास्त होणारा ॲडजस्टेबल पाना तर लांबच ठेवा.
- फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), थाऊमधला.
- टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच बोल्ट कसणारा).
- दोन जास्तीचे प्लग, प्लग पाना.
- सम्प प्लेटचं (इंजिनाच्या तळाच्या झाकणाचं) आणि हेडचं जास्तीचं पॅकिंग.
- मोठा पेडेस्टल पंखा. घरातल्या कुलरचा सुद्धा चालेल, फक्त पाणी बंद ठेवा.
- एक वही.

तेलाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण वाद इथेच होतात. फुल सिंथेटिक तेल या काळात नको; अशा जुन्या इंजिनात त्यानं रिंग नीट घासत नाही असं मानलं जातं. साधं मोनोग्रेड ४० नंबर मोंढ्याजवळच्या ऑईलच्या दुकानांत सहज मिळतं, ट्रॅक्टर आणि डिझेल पंपांसाठी ते विकलं जातंच. आपल्याकडे मार्च ते जून पारा चाळीस पार करतो, तेव्हा ५० बरं. मिनरल २०डब्ल्यू-५० सुद्धा चालतं. डिटर्जंट असलेलं तेल वापरू नका असं जुने लोक सांगतात. ते न उघडलेल्या, आत गाळ साचलेल्या इंजिनाबाबत खरं आहे. तुमचं इंजिन आणि टाकी आतून स्वच्छ असेल तर काळजी नको.

३. पहिली किक मारण्याआधी तेल फिरवा

एम२०चं तेल इंजिनाखाली नसतं, वेगळ्या टाकीत असतं. पंपाची एक बाजू ते इंजिनात पाठवते, दुसरी खाली साठलेलं परत टाकीत आणते. नव्या बांधणीत पाइपात हवा असते. म्हणून प्लग काढा, गाडी स्टँडवर घ्या आणि निवांत किक मारत राहा. टाकीचं झाकण उघडं ठेवा. परतीच्या नळीतून तेल थुंकल्यासारखं यायला लागलं की पंप चालतोय. क्रँककेसमध्ये सुरुवातीचं थोडं तेल मिस्त्रीनं घातलंय का, हेही विचारून घ्या, नाहीतर परतीला काही येणारच नाही आणि तुम्ही उगाच घाम गाळाल.

बुलेटवाल्यांनो, तुमचं तेल क्रँककेसमधल्याच कप्प्यात असतं. वर रॉकरकडे जाणाऱ्या पाइपचा बँजो बोल्ट (ज्यातून तेल जातं तो पोकळ बोल्ट) थोडा ढिला करा. तिथे तेल पाझरलं की झालं.

मॅग्नेटो म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणारं यंत्र; त्याचं पॉइंट गॅप १२ थाऊ, प्लगचं १८ ते २०. एम२०च्या टॅपेटची (व्हॉल्व उचलणाऱ्या दांड्याची) फट थंड इंजिनावर इनलेट १०, एक्झॉस्ट १२ थाऊ. बुलेटला आकडा नाही: थंड असताना पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये.

स्पार्कची तपासणी आत्ताच करा. जुन्या मॅग्नेटोचा कंडेन्सर गेलेला असेल तर गाडी थंड असताना छान सुरू होते आणि गरम झाल्यावर मेल्यासारखी पडते. मग माणूस टिकलर (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चढवायचं बटण) दाबून दाबून तीसेक किका मारतो, आणि ते कच्चं पेट्रोल नव्या सिलिंडरवरचा तेलाचा थर धुऊन काढतं. इंजिनावर इतका खर्च केलाय तर मॅग्नेटोचंही काम आधीच उरकून घ्या.

४. पहिल्यांदा सुरू करताना

सकाळी लवकर, पंखा सिलिंडरच्या समोर लावून. हँडलवरचा स्पार्कचा लीव्हर रिटार्डला (म्हणजे ठिणगी उशिरा), टिकलर एकदा, किक. सुरू झाली की लगेच ॲडव्हान्स (ठिणगी लवकर) करा. रिटार्डवर ठेवलेलं इंजिन उगाच तापतं. एक्झॉस्टचा पाइप निळा पडला तर कारण बहुतेक तेच असतं, नाहीतर पातळ मिश्रण.

आता गल्लीतली मंडळी जमतात. त्यांना तो संथ ठोका ऐकायचा असतो, मोबाइल पुढे करून "अजून कमी करा, अजून कमी" म्हणतात. करू नका. या इंजिनात सिलिंडरला तेल मिळतं ते फिरणाऱ्या बिग एंडवरून उडणाऱ्या शिंतोड्यांनी. आयडलिंग जितकं कमी तितके शिंतोडे कमी. थोडं चढं, एकसारखं ठेवा आणि मधूनमधून थ्रॉटल हलकेच वर-खाली करा. परतीचं तेल मिनिटभरात दिसलं नाही तर बंद.

सुरुवातीला निळसर धूर येईल, बांधताना लावलेलं तेल जळतंय ते. हेडच्या कडेनं फुसफुस येते का, व्हॉल्वच्या झाकणातून तेल येतं का, बघा. चार-पाच मिनिटांत बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. पूर्ण म्हणजे हात ठेवला तर गार लागलं पाहिजे. दुपार झाली तरी चालेल. मग हेडचे बोल्ट मधून बाहेर, आळीपाळीनं टॉर्क पान्यानं पाहा. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर ते पुन्हा थोडे फिरतातच. गरम इंजिनावर हेड कसणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे; त्यानं पॅकिंग जातं किंवा आटे निघतात.

असं गरम-थंड दोन-तीनदा झालं की रस्त्यावर.

५. रस्ता निवडा, मग गिअर

पहिल्या दोनशे किलोमीटरला सपाट, मोकळा, थांबायला जागा असलेला रस्ता हवा. संभाजीनगरकरांना पैठण रस्ता चांगला, जायला पन्नासेक किलोमीटर. जालना रस्ता सकाळी सहाला ठीक; आठनंतर शेंद्र्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये थांबून थांबून इंजिन तापतं. परभणी, नांदेडकडे गोदाकाठचे रस्ते सपाटच आहेत. दौलताबाद-खुलताबादचा चढ, कन्नडचा औट्रम घाट, बीडकरांचा मांजरसुंबा घाट, तुळजापूरचा घाट हे सगळं नंतर. समृद्धीचा विचारही नको. तिथे दुचाकीला मुळात परवानगी नाही.

ऋतूही बघा. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा. हवा गार असते. एकच अडचण, त्याच दिवसांत साखर कारखाने सुरू असतात आणि उसाच्या जोड ट्रॉल्यांच्या मागे तुम्ही वीसच्या वेगानं अडकता. मागे लागून राहू नका, बाजूला थांबा, चहा घ्या. उन्हाळ्यातच करावं लागलं तर सूर्य वर येण्याआधी निघून नऊच्या आत घरी.

चालवायची पद्धत अशी. थ्रॉटलच्या ग्रिपवर आणि शेजारच्या लीव्हरच्या बुडाशी पांढऱ्या टेपच्या खुणा करा: पाव, एक तृतीयांश, अर्धा. जुन्या स्पीडोमीटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण इंजिनाला वेग कळत नाही, थ्रॉटल कळतो.

पहिले ८० किलोमीटर: दहा मिनिटं हलकं चालवून गरम करा. मग तिसऱ्या किंवा टॉप गिअरमध्ये तीस-पस्तीसवरून एक तृतीयांश थ्रॉटल देऊन पंचेचाळीसपर्यंत ओढा, थ्रॉटल पूर्ण सोडा, इंजिन ब्रेकवर परत पस्तीसला येऊ द्या. ओढताना गॅस रिंगला भिंतीवर दाबतो. सोडताना आत निर्वात होऊन तेल वर खेचलं जातं आणि पिस्टन गार होतो. हे पुन्हा पुन्हा करा. मागच्या गाडीवाल्याला तुम्ही वेडे वाटाल, वाटू दे. पंधरा-वीस किलोमीटरला थांबा आणि इंजिन निवू द्या.

८० ते ४००: वेग पन्नास-पंचावन्नपर्यंत, थ्रॉटल मधूनच अर्धा, तोही काही सेकंद. सलग एका वेगावर पाच मिनिटांपेक्षा जास्त नको.

४०० ते ८००: साठ-पासष्टपर्यंत, लहानसे चढ. ८०० नंतर हळूहळू सगळं.

टॉप गिअरमध्ये पंचविसावर "धड धड" करत चढ ओढायला लावणं हे वेगापेक्षा वाईट. त्यात बिग एंडवर हातोडे पडतात. गिअर खाली घ्या. आणि या गाड्यांचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला असतो, हे नव्या मालकांनी रिकाम्या मैदानावर आधी पायात बसवून घ्यावं. मागे कुणाला बसवू नका, निदान ४०० पर्यंत.

६. तेल कधी बदलायचं

आजच्या गाडीसारखा कागदी फिल्टर एम२०ला नाही. टाकीत एक जाळी, खाली सम्प प्लेटवर एक जाळी, बस. जाळीतून धातूची पूड आरामात पलीकडे जाते, तेव्हा तेल बदलणं हाच फिल्टर. माझा क्रम ५०, २५०, ७५० आणि १५०० किलोमीटर. पुढे दर दीड हजाराला. बुलेटला फिल्टर आहे, तरी पहिले दोन बदल चुकवू नका, आणि फिल्टरही त्याच वेळी.

गरम असतानाच काढा. काढलेलं तेल स्वच्छ पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात धरा. बारीक चंदेरी झाक पहिल्या वेळी असणारच. लोहचुंबकाला चिकटणारे कण, नखात येईल असा तुकडा किंवा पितळी चकाकी दिसली तर गाडी पुढे चालवू नका, मिस्त्रीला ती ताटलीच दाखवा. सम्प प्लेटचे नट हलक्या हातानं कसा; स्टड ॲल्युमिनियममध्ये बसवलेले असतात. जुनं तेल नालीत ओतू नका, गॅरेजवाले घेतात.

एक जुना आजार इथेच सांगतो. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसते, माणूस वरून लिटरभर ओततो, सुरू करताच सायलेन्सरमधून धुराचे लोट आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल. नव्या मालकाला वाटतं रिंग गेली. आधी खालचं तेल काढा, ते परत टाकीत घाला, मग किक मारा. यावर उपाय म्हणून ऑईलच्या पाइपात तोटी बसवून देणारे भेटतील. घाईत तोटी उघडायला विसरलात तर नवं इंजिन काही मिनिटांत संपतं. मी तरी बसवणार नाही.

७. पाना कुठे कुठे फिरवायचा

२५० आणि ७५०ला: हेड बोल्ट थंड असताना, सिलिंडरच्या बुडाचे नट, इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट, कार्बोरेटरचे नट, सायलेन्सरचे क्लॅम्प. प्रायमरी आणि मागची चेन नवी असेल तर याच काळात लांबते; मागची चेन ताणताना गाडीवर माणूस बसवून पाहा, स्टँडवर बरोबर वाटणारी चेन वजन पडलं की घट्ट होते. पॉइंटची नवी टाच झिजते, गॅप कमी होतं आणि टायमिंग मागे पडतं, तेही बघा.

टॅपेटबद्दल मात्र थांबून वाचा. नव्या सीटवर (व्हॉल्व जिथे टेकतो त्या कडेवर) व्हॉल्व थोडा आत बसतो, त्यामुळे साइड व्हॉल्व इंजिनात फट वाढत नाही, कमी होते. टॅपेटचा आवाज हळूहळू शांत होत गेला तर खूष होऊ नका. फट संपली की एक्झॉस्ट व्हॉल्व पूर्ण मिटत नाही, गरम गॅस कडेनं निसटतो आणि व्हॉल्व जळतो. गरम असताना किक हलकी लागणं हे पहिलं लक्षण. टिकटिक ऐकू येणारं टॅपेट चांगलं.

हे सगळं वहीत तारखेसह लिहा. तेल किती कमी झालं, प्लगचा रंग कसा, कोणता नट किती फिरला.

८. पेट्रोल आणि हवा

आज पंपावर मिळतं ते बहुतेक ई-२०, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. १९४०च्या कार्बोरेटरला त्यानं मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, नेमकी आत्ता नको असलेली. मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) एक साइज मोठा टाका. प्लग पांढरट दिसला तर अजून जाड मिश्रण हवं. काळा, कोरडा असेल तर जास्त झालंय. कॉम्प्रेशन पाचच्या आसपास असल्यामुळे महाग ऑक्टेनचा एम२०ला काही उपयोग नाही. इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकीतलं जुनं लेपन, तोटीचे बूच सोडवतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. पहिल्या टाकीत चमचा-दोन चमचे टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) तेल घालतात, घाला हवं तर. त्यापेक्षा जास्त घातलं तर प्लग खराब होतो.

एअर फिल्टर नसलेली गाडी आपल्या भागात रनिंग-इनला, म्हणजे या पहिल्या किलोमीटरांना काढू नका. मुरुमाची धूळ म्हणजे रिंगसाठी पॉलिश पेपर. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लष्करानं याच गाड्यांच्या टाकीवर मोठे फिल्टर बसवले होते, ते उगाच नाही.

९. अडकायला लागली तर

अचानक जोर कमी होतो, कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटतं, कधी बारीक चिरका आवाज येतो. त्या क्षणी क्लच दाबा, थ्रॉटल सोडा, कडेला घ्या. म्हणून या काळात दोन बोटं कायम क्लचवर. पाणी ओतू नका. तापलेलं बीड तडकतं. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी करा, मग प्लग काढून किक हातानं सावकाश दाबून पाहा. मोकळी फिरली तर हळू घरी आणा आणि कारण शोधा: तेल परत येतंय का, टायमिंग मागे आहे का, मिश्रण पातळ आहे का. तिन्ही ठीक असतील तर गाळा कमी ठेवलाय, आणि आता तुमच्याकडे लिहून घेतलेला आकडा आहे.

१०. कागद

आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, ती तारीख बघा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते: नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. त्यामुळे जिची साधी आरसी जिवंत आहे ती घाईनं बदलू नका.

११. दीड हजारावर

चौथ्यांदा तेल बदला, टॅपेट, पॉइंट, हेड बोल्ट पुन्हा पाहा. धूर थांबलेला असावा, किक दाबून धरली तर कॉम्प्रेशनवर पाय काही क्षण तोलून राहावा. तसं असेल तर आता दौलताबादचा चढ चालेल: गिअर वेळेत खाली, स्पार्कचा लीव्हर किंचित मागे, वर पोचल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर हलकं चालू ठेवून.